मास्तरांची शिट्टी

गॅरेजचं दार तुटायलाच आलं होतं. आत बिल्डरचा माणूस, ज्याला अख्खी गल्ली हातोडा म्हणायची, रक्तबंबाळ होऊन पडला होता. बाहेर वीसेक जण सळया घेऊन त्याला संपवायला आले होते. एरवी बागेतल्या गुलाबांना पाणी घालणारी माणसं ही, पण आज डोळ्यांत नुसता खून!

भाऊजी दाराला पाठ लावून उभे राहिले. आयुष्यभर बस चालवलेली, त्यामुळे गर्दी थोपवायची सवय होती. डोकं मात्र कायम पहिल्या गिअरमध्ये. डोकं चालायचं ते त्यांच्या वहिनींचं. वहिनी खासगी डिटेक्टिव्ह. मास्तरांच्या लेकीनंच त्यांना बोलावलं होतं.

"बाबांना मारलं. आता हे त्याला मारतील," ती म्हणाली. "खरंच त्यानं केलंय का, तेवढं सांगा."

समोर व्हरांड्यातच मास्तर पडले होते. जबडा चेचलेला, तोंडात रक्ताचं थारोळं, शेजारी फावडं. गळ्यातली शिट्टी तेवढी कोरडी, लखलखीत.

दुमजली बंगल्यांच्या या गल्लीत वीस मजले चढवू द्यायचे का, याची सुनावणी उद्या होती आणि गल्लीतर्फे मास्तर बोलणार होते. जेसीबी दिसला की शिट्टी फुंकायची आणि सगळ्यांनी धावायचं, अशी इथली रीत.

शेजारचा डेंटिस्ट हातातली सळई न सोडता सांगत होता. आधी घरटी एक शिट्टी होती, पण कुणीही उगाच फुंकायचं. म्हणून काल मीटिंगला आलेल्या सगळ्यांच्या शिट्ट्या मास्तरांनी काढून घेतल्या, आता वाजवायची ती फक्त त्यांनी. शिवाय जमायचं त्यांच्या दारात नाही, नाक्यावर. आज शिट्टी झाली तेव्हा तो मास्तरांच्या लेकीबरोबर दुकानात होता. सगळे नाक्याकडे पळाले, तर जेसीबीचा पत्ताच नाही.

मास्तरांच्याच बंगल्याच्या वरच्या मजल्याचा मालक म्हणजे मास्तरांचा पुतण्या. केस ओले, शर्ट कोरा करकरीत. तो रडतच म्हणाला, "अंघोळ करत होतो. काकांची शिट्टी ऐकून खाली आलो, तर हा त्यांच्यावर वाकलेला. मी धरून ठेवला. म्हटलं आता सगळे येतील दारात, पण कुणी येईचना. मग बोंब मारली."

वहिनींनी दाराच्या फटीतून हातोड्याला विचारलं. तो कसाबसा बोलला. "धमकवायला आलो होतो, बाई. म्हातारा पडलेलाच होता. वाकून बघतोय तर शिट्टी. मेलेला माणूस शिट्टी वाजवतो का? मी गारच पडलो."

"ऐकलंत, भाऊजी?"

"खोटं बोलतोय," भाऊजी म्हणाले.

"नाही. या जबड्यानं मास्तर शिट्टी फुंकतील कशी? आणि फुंकली असती तर ती रक्तानं भरली असती. मार बसायच्या आधी फुंकायला जेसीबी कुठे आला होता? म्हणजे वाजली ती दुसरी. बाकीच्या काल गोळा झाल्या. राहिली कुणाकडे? जो मीटिंगला नव्हता त्याच्याकडे. ज्याला अजून वाटतंय की माणसं दारात जमतात, त्याच्याकडे. त्यानंच खून केला, वर जाऊन हात धुतले, तेवढ्यात आयता हातोडा आला. शिट्टी फुंकली, की गल्लीच हातोड्याचा निकाल लावणार होती." वहिनी पुतण्याकडे वळल्या. "काका उद्या बोलले असते, तर तुमच्या मजल्याचे वीस होत नव्हते. शिट्टी कुठाय तुमची?"

पुतण्याचा हात खिशावर गेला. भाऊजींनी तो पिरगाळला. शिट्टी खाली पडली. दोरीवर रक्त होतं.

गर्दी गुरगुरली आणि सळया तिकडे वळल्या. पहिला घाव पुतण्याच्या खांद्यावर बसलाही. तेवढ्यात लेक मधे घुसली.

"बास. पोलीस येतायत. यानं काय केलं ते मी सांगेन." तिनं गॅरेजचं दार उघडलं. हातोडा उंबऱ्यावर कोसळला, दात तुटलेले. "आणि याचं काय केलं, ते कोण सांगणार?"

मग डेंटिस्टनं सळई खाली ठेवली.

"पुढचे दोन मी पाडले," तो म्हणाला आणि त्या माणसाचं तोंड बघायला गुडघ्यांवर बसला.