खांबातला संपत

वैशाखातलं ऊन असं तापल्तं की डांबरावरची हवा पाण्यावानी हलून राह्यली होती. त्या हलत्या हवेतून एक लांब पांढरी गाडी आली, खिडक्यांना पडदे लावलेली, अन सरळ माझ्या मळ्यात वळली. घनसावंगीकडून येणारं कुणी इथं वळत न्हाई. मळ्याचं नावच तसं झाल्तं.

त्यातून उतरला तो सावळा, उंच, बाह्या दुमडलेला. "ताई, इथं गाडी लावायला जागा मिळंल का?"

"ताई म्हणू नका. भाऊ बक्कळ हायेत मला."

तो हसला. ओठानं न्हाई, डोळ्यानं. "मंग काय म्हणू?"

"दैवशाला. अन ही गाडी हाय का घर?"

"दोन्ही. आत रांधायचं, आतच झोपायचं. मोटरहोम म्हणत्यात. मी कल्याण, टेंभुर्णीचा. राजूरच्या गणपतीला येणारी घरंच्या घरं पुढं गोदाकाठी फिरवतो. त्यांच्या मुक्कामाला जागा हुडकून राह्यलो. सावली पाहिजे, पाणी पाहिजे, अन गाडीला जोडायला लाईट. तो खांब चालू हाय ना?"

माझ्या हातातला तांब्या हातातच राह्यला.

"सावली घ्या, पाणी घ्या. खांबाला हात लावायचा न्हाई."

"का?"

"त्यात माझा नवरा हाय."

खोटं न्हाई सांगत. तो लोखंडी खांब संपतनं सोताच्या हातानं रोवल्ता. मंग एका वैशाखात त्याच्या डोक्यात ताप गेला… अन माणूसच गेला. पुढच्या उन्हाळ्यात कूलर लावून मी खांबाजवळून चालल्ते, तर उलटा हात सहज लागला. हाताला मुंग्या आल्या. बारीक… कुणी बोटं फिरवावी तशा. लाईटच्या वस्तूला उलटाच हात लावायचा, सरळ पंजा लावला तर मूठ आवळती, हे संपतनंच शिकवल्तं मला. पावसाळ्यात खांब गप राहायचा, उन्हाळा आला की बोलायचा. वैशाखात गेलेला माणूस वैशाखातच येणार ना? शेळ्या त्या बाजूला पाऊल टाकायच्या न्हाईत. लांबूनच कान उभे करून बघायच्या, कुणी उभं असल्यावानी. गडी यायचे बंद झाले. मी मात्र रोज भर दुपारी, सगळं चिडीचूप झालं की, जायचे. चप्पल घालून, साधीसुधी. तेवढाच त्याचा हात… मला पुरायचा.

कल्याणनं सगळं ऐकलं. हसला न्हाई, घाबरला बी न्हाई.

"माझ्याबद्दल काही म्हणला का तो?"

"तुमी आत्ता आले. एवढी जल्दी काय हाय?"

"बरं," तो म्हणला. "मी अंघोळ करून येतो. मंग खांब तपासू. तपासल्याबिगर मी गाडी जोडत नसतो. गाडी नवी असो का जुनी, आधी खांब बघायचा."

गाडीची वायर खांबापाशीच टाकून तो न्हाणीत गेला. मला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हणलं, बघू तर, संपतला हा पाहुणा चालतो का. शेडात कूलर रडत-रडत फिरत होता. मी वायरची पिन खांबाच्या डब्यात खोचली अन बटण चालू केलं.

गाडी गुणगुणायला लागली. आतला पंखा आपोआप फिरला. पडदे एकामागून एक हलले… या टोकाकडून त्या टोकाकडं, जसं कुणी आतून चालत गेलं. बाहेर पान हलत नव्हतं. मी गाडीच्या दाराला उलटा हात लावला.

तीच बोटं.

संपत खांबातून निघून गाडीत जाऊन बसल्ता. मला राग आला. इतके उन्हाळे मी रोज येऊन राह्यले, अन हा परक्या गाडीत? "कुठं निघाला रं?" मी दाराला इचारलं. आतून नुसती गुणगुण.

तेवढ्यात कल्याण आला. खांद्यावर टॉवेल, अंगावरनं पाणी निथळून राह्यलेलं, अनवाणी. हसत म्हणला, "पंखा लागला वाटतं…" अन दाराच्या मुठीकडं हात नेला. सरळ पंजा.

संपत कुणाला मारणार न्हाई, हे मला पक्कं माहीत होतं. पण दारात जे होतं… ते संपतच हाय, हे कुणाच्या भरवशावर म्हणत होते मी?

पायाशी पडलेली जाड वायर दोन्ही हातानं हिसकली. पिन निघाली. पंखा मंद होत थांबला. कल्याणचा हात मुठीवर होता, अन तो माझ्याकडं बघून राह्यल्ता.

मंग त्यानं पाय पुसले, चपला घातल्या, मीटर काढलं. एक टोक खांबाला, एक जमिनीत. आकडा चढला, चढतच गेला. त्याचा चेहरा उतरला.

"आज मी सुटलो नसतो. ही परतीची, न्यूट्रलची तार खांबाला कुणी बांधली?"

"रामकिसन भावजीनं, माझ्या दिरानं. संपत गेल्यावर परतीची तार तुटल्ती, तर म्हणले खांब जमिनीतच हाय, करंट जाईल खाली."

"ओल असली तर जातो. उन्हाळ्यात माती सुकली की त्याला वाट न्हाई. मंग तो खांबातच उभा राहतो… कुणाच्या तरी अंगातून उतरायला. माझी गाडी तर रबराच्या टायरवर. दार धरील त्याच्यातूनच जाणार."

मी खाली बसले. "मंग मी रोज कुणाचा हात…"

तो समोर उकिडवा बसला. "ते मी कसं सांगू? तार सोडायची का न्हाई, तुमी म्हणाल तसं. न्हाई म्हणले तर मी जातो, अन कुणाला इकडं पाठवत न्हाई. पण तुमाला रोज दुपारी या खांबापाशी सोडून जाणं… मला जड जाऊन राह्यलंय."

"आत्ता तर आले तुमी."

"हो ना. मलाच नवल वाटून राह्यलं."

मी उठले. मेन स्विच मीच खाली पाडला, सगळी लाईट बंद केली. पक्कड मागून घेतली. गाठ गंजल्ती, निघता निघंना. तो मदतीला आला न्हाई, जवळ उभा राह्यला. तार सुटली तवा मी चप्पल काढली अन सरळ पंजा खांबाला लावला. नुसतं तापलेलं लोखंड. कुणीच न्हाई. मी रडले. लहान पोरावानी रडले.

"चला, सावलीत चला," कल्याण हळूच म्हणला, अन हात पुढं केला.

मी धरला. मुंग्या न्हाई, काही न्हाई. ओला, साबणाच्या वासाचा, जड हात.

अन शेडातला दिवा लागला.

एकदम न्हाई. तांबडा, बारीक… झोपेतून डोळा उघडावा तसा. कूलर बंद, शेळ्या गप. कल्याणनं मेनकडं बघितलं. मेन खालीच होता. त्यानं सुटलेल्या तारेकडं बघितलं. ती मातीत पडली होती.

"दैवशाला… हे काय हाय?" त्याचा आवाज पार बारीक झाल्ता.

दिवा लहान-लहान होत चालला.

"निघून राह्यला तो," मी म्हणले. "तुमी हात सोडू नका."