सोमवारची खरेदी

"उद्या अकलूजहून माझ्या वडिलांना बोलावलंय. पोरगी चोर निघाली, घेऊन जा, असं सासरे सांगणार आहेत," काव्या म्हणाली.

खासगी तपासाचं काम करणाऱ्या सिद्धेश्वरी हत्तुरे यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. त्यांचे मदतनीस बिभीषण, निवृत्त हवालदार, खुर्चीत सावरून बसले. चोर हा शब्द ऐकला की त्यांना अजूनही तरतरी येई.

काव्याचे सासरे शिवशरण यांचं शुक्रवार पेठेत चादरींचं दुकान होतं. त्यांच्या जुन्या क्रेडिट कार्डावर व्याज चढत होतं. काव्याने चार बँकांची कार्डं पारखून एक निवडलं. जुनी थकबाकी त्यावर वळवायची, सहा महिने तिला व्याज नाही. मात्र ती फिटेपर्यंत नवी खरेदी करायची नाही. केली, तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. सगळं फिटलं की मग कार्ड खुशाल वापरायचं आणि पॉइंट मिळवायचे.

"आणि कुणीतरी खरेदी केली?"

"सोमवारी, मशीनवर पिन टाकून. चाळीस हजार."

"वर एक रुपयाही नाही?"

"नाही. स्टेटमेंटवर दुकानाचं नाव नाही, मशीन पुरवणाऱ्या कंपनीचं आहे. तसली मशिनं निम्म्या सोलापुरात आहेत. कार्ड मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कपाटात असतं. त्यांच्याखेरीज पिन मला आणि त्यांच्या पुतण्याला, कुमारभावजींना माहीत. पॉइंटांचं कौतुक मीच केलं होतं, म्हणून बोट माझ्याकडं. आकडा सांगायला गेले, तर मामा म्हणाले, चोराच्या तोंडून हिशेब नको."

"तुमचे यजमान?"

"गुरु मालाबरोबर बेंगळूरला आहे. फोनवर म्हणाला, बाबा म्हणतील तसं."

वाटेत बिभीषणांनी निकाल देऊन टाकला. "कुमारच. पुतण्या हाय, पिन ठावं हाय. आनी काय पायजे?"

कुमार दुकानात घड्या घालत होता. "सोमवारी दुकान बंद असतंय. मी टेंभुर्णीला गेलतो. धंदा लई मंदा हाय, बाई. मंगळवारी मशीनचे पैसे खात्यात पडले, म्हणून कारखानदाराचं बिल तरी भागलं."

"मशीनचे पैसे कधी जमा होतात?"

"आज विकलं की उद्या."

मागच्या घरात सासूबाई रत्नम्मा भाकरी थापत होत्या. "नवी वस्तू? घरात सुईबी आली न्हाई बघा."

"आणि सोमवारी दुकानाकडे कुणीच फिरकत नाही?"

"गादीपुढं दिवा लावायला हे जातात की. महादेवाचा वार. त्या दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत."

शिवशरण गादीवर ताठ बसले होते, कपाळावर विभूती. "खोटं बोलायचं वय न्हाई माझं. त्या कार्डावर मी रुमालबी विकत घेतला न्हाई."

"म्हातारा फसवतोय," बिभीषण कुजबुजले.

"नाही, खरं बोलतायत. घोटाळा तिथंच आहे," सिद्धेश्वरी म्हणाल्या आणि त्यांनी घरच्यांना दुकानात बोलावलं.

"सोमवारी दुकान बंद, तरी मंगळवारी मशीनचे पैसे आले. म्हणजे सोमवारी याच मशीनवर कार्ड घासलं गेलं. बंद दुकानात गिऱ्हाईक कुठून येणार? गिऱ्हाइकाचं बिल असं नेमकं चाळीस हजारही सहसा होत नाही. घरात काही आलं नाही, कारण दुकानातून काही गेलंच नाही. आणि त्या दिवशी आत येणारा माणूस एकच."

शिवशरण गोंधळले. "पर ही खरेदी कशी? माझं कार्ड, माझंच मशीन. ह्या खिशातलं त्या खिशात. बिल भागलं, वर पॉइंट फुकट. पेठेत लई जण करतात."

"बँकेला हे चालत नाही. आणि मशीन कुणाचंही असो, कार्ड घासलं की ती खरेदीच, व्याज सुरू. सुनेला आकडा सांगू दिला असता, तर तुम्हाला तेव्हाच उमगलं असतं."

शिवशरणांना सुनेकडे बघायची लाज वाटत होती. त्यांनी खिशातून फोन काढला. "अकलूजला सांगतो, येऊ नका म्हणून."

"नको, मामा," काव्या म्हणाली. "येऊ दे त्यांना. चोर म्हणालात ते चारचौघांत. चुकलं, हेही त्यांच्यासमोरच म्हणा."