कर्णसेतू

मेळघाटातल्या त्या प्रसूतिगृहात कर्णसेतू येऊन सहा महिने झाले होते. कोरकू बायकांना डॉक्टरांचं मराठी कळत नाही, म्हणून त्या बाळंतपणाला येत नाहीत, असं अहवाल वर्षानुवर्षं सांगत होते. आता हरभऱ्याएवढं यंत्र कानात घातलं, की समोरच्याचं मराठी त्याच क्षणी, त्याच्याच आवाजात कोरकूत ऐकू यायचं. उद्घाटनाला तिथल्याच डॉ. हेमांगी टिळेकरने चांगलं अर्धा तास भाषण ठोकलं होतं. बाळंतपणं मात्र निम्म्यावर आली. त्यात काल सुगरती बेठेकर कुणाला न सांगता उठून घरी निघून गेली. दिवस भरलेले, रक्तदाब वाढलेला, मूल पायाळू.

यंत्र घडवणारी रझिया मुलाणी तपासणीसाठी पुण्याहून आली होती.

"भाषांतर चुकतंय का?" हेमांगीने विचारलं.

"एकही चूक नाही, मॅडम. पण तिच्याशी बोललेलं आणि तिच्याबद्दल बोललेलं, हा फरक यंत्राला कळत नाही. कानावर पडेल ते सगळं ते पोचवतं, स्वरासकट."

रझियाने सुगरतीच्या यंत्राकडून आलेली कालची नोंद लावली. हेमांगीचाच आवाज होता, चहा पिता पिता सिस्टरशी बोललेला. "यांना कसलं दुखतंय? जनावरांसारखी सवय असते. आणि खिडकी उघड गं, किती वास मारतोय."

हेमांगीचे कान तापले. हे आपण कधी बोललो ते तिला आठवेना, इतकं ते रोजचं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. रझियाने ऐकलं याची त्याहून जास्त वाटली, आणि मग त्याचीही लाज वाटली.

जीपने तासाभराचा रस्ता. सुगरती अंगणात भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, यंत्र अजून कानातच. हेमांगीने स्वतःच्याही कानात कोरकूचं मराठी करणारं एक घातलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"चुकलं माझं, सुगरती. तू ऐकलंस ते मीच बोलले. पण आता चल. बाळाच्या जिवाला धोका आहे, तुझ्याही."

सुगरती बराच वेळ पोटावरून हात फिरवत राहिली.

"येते. बाळासाठी येते. पण तिथे हे कानात घालणार नाही."

"अगं, मग मी काय सांगते ते तुला कळायचं कसं?"

"आधीच्या दोन बाळंतपणांतही कळत नव्हतं," यंत्र काढून हेमांगीच्या हातावर ठेवत सुगरती म्हणाली. "तेव्हा मला वाटायचं, तुम्ही मला धीर देताय."