तेलाचा पंजा

सम्राट पॉलिश पेपर आणायला निघाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गुंडू मिस्त्रीचं दुकान कसबा बावड्यातच, घरापासून चार पावलांवर. जुनं सागवानी आरशाचं टेबल त्याला आजच घासून काढायचं होतं. टेबल आक्काचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं. ती तापानं जाऊन दोन महिने झाले होते. वेणी घालताना ती तेलकट डावा तळवा फळीवर टेकायची. वर्षानुवर्षांचा तो पंजा लाकडात मुरला होता. आईनं सकाळीच निक्षून सांगितलं होतं, "त्यो हात दिसला की माझं काळीज फाटतंय. घालव, न्हायतर उद्या टेबल भंगारात."

"तेल हाय ते," मिस्त्री म्हणाला. "घासून जात न्हाय. चुना पसर आन् दोन दिस गप बस."

"दोन दिस कुठलं मामा? उद्या भंगारवाला येतोय."

"मग घास की! ऐकतोस कुणाचं तू?"

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं टेबलाच्या ड्रॉवरच्या पितळी कड्या काढून बादलीतल्या चिंचेच्या पाण्यात टाकल्या आणि घासायला बसला. साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. तासाभरात पंजा फिकट झाला... मग भुसा उडायचा थांबला. ओला होऊन बोटांना चिकटायला लागला. मळीचा वास मागं सरला आणि माक्याच्या तेलाचा दाटला. आक्काच्या केसांचा. बादलीत कडी खणकली, आक्का ड्रॉवर ओढायची तेव्हा खणकायची तशीच.

"कोण हाय?"

कुणी नव्हतं. पंजा मात्र पुन्हा उमटला होता, काळा, ओला. त्यानं त्यावर हात ठेवला. लाकूड कोमट लागलं.

त्यानं पुन्हा पेपर उचलला. "आक्के... आई टाकून देईल गं ह्ये. जा की... जा की आता!" बोटांची सालं निघेपर्यंत तो घासत राहिला.

आणि डाग गेला. फळी कोरी, थंडगार.

तो धावतच स्वयंपाकघराच्या दारात आला. "आई, गेला बघ! टेबल ऱ्हायलं!"

भाकरी थापणारी आई वर बघून थबकली. "दोन महिनं डोस्क्याला तेलाचा थेंब लावू दिला न्हाईस... आज कुणी माखलं रं?"

त्यानं कपाळ पुसलं. तेल भुवयांवर ओघळत होतं. भांग सरळ पाडलेला, त्याच्या शाळेच्या दिवसांत आक्का पाडायची तसा. तो जागचा हलला नाही. टाळूवर बोटं अजून फिरत होती, हळूहळू... आणि आईचे दोन्ही हात तर पिठात होते.