चुना सुटतोच आहे

हाड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर त्याचा केसाहून पातळ काप लागतो, आणि चुना भरलेल्या हाडावर पातं चालवलं तर पात्याचीच धार जाते. म्हणून हाड आधी ॲसिडात ठेवतात. हळूहळू चुना सुटतो, हाड चामड्यागत मऊ होतं. त्या तपासणीखोलीत हे काम एक म्हातारा मदतनीस तीस वर्षं करत होता. सगळे त्याला चुनावाले काका म्हणत. "लोकांना चुना लावणारे पुष्कळ," काप कापणारी ताई हसायची, "काढणारे आमचे काका एकटेच."

काकांची रीत सोपी. सौम्य ॲसिड आणि आठवडाभराचा धीर. रोज सकाळी बरणीतलं थोडं पाणी नळीत घ्यायचं, दुसऱ्या बाटलीतले चार थेंब टाकायचे. दुधासारखं पांढरं झालं तर चुना अजून सुटतोय. नितळ राहिलं की झालं. मग हाडाला सुई टोचून बघायची, लोण्यात गेल्यासारखी जाते. पण घाईनं जहाल ॲसिड वापरलं तर चुन्याबरोबर आतल्या पेशीही जळतात, आणि काप नुसता कोरा गुलाबी दिसतो. त्यावरून काय कप्पाळ कळणार?

त्या सोमवारी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गुडघ्याजवळचं हाड आलं. वाटाण्याएवढे दोन तुकडे. तिचा बाप, ट्रक चालवणारा, बाहेर बाकावर बसून होता. कर्करोग निघाला तर शुक्रवारी पाय मांडीतून कापायचा होता. नुसता पू असेल तर औषधानं बरं होणार होतं.

"उद्या रिपोर्ट पाहिजे," मोठे डॉक्टर म्हणाले. "जहाल ॲसिड घाला."

"साहेब, आठवडाभर थांबा. मागच्या वर्षी त्या बाईंचं..."

"काका, तुम्ही बरण्या धुवा. डॉक्टरकी मला करू द्या."

मागच्या वर्षी एका शिक्षिकेचं हाड असंच घाईत जळालं होतं. काप कोरा, तरी डॉक्टरांनी अंदाजानं कर्करोग लिहून टाकला. पाय गेला, चार दिवसांनी बाईही गेल्या. कापलेला पाय नंतर तपासला तर त्यात कर्करोग नव्हताच. त्या तपासणीचा कागद डॉक्टरांनी खणात कोंबला. काकांनी पाहिलं आणि तोंड शिवून घेतलं.

काका तसे मुंगीच्याही वाटेला न जाणारे. पण त्या दुपारी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांनी वरच्या फळीवरची जाड काचेची बरणी स्वतःच ओढली. बाईंचं हाड त्याच बरणीत जळालं होतं, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी एक तुकडा आत टाकला आणि वर जहाल ॲसिड ओतलं. दुसरा तुकडा काकांनी कुणाला न विचारता सौम्य ॲसिडात ठेवला आणि ती बरणी आपल्या कपाटात कुलूपबंद केली.

मंगळवारी जहाल बरणीतल्या हाडाला सुई लावली, तर सुई मोडली. नळीतलं पाणी दह्यासारखं घट्ट. ॲसिड बदललं. दुपारी पुन्हा तेच. बुधवारी नळीच्या तळाशी बोटभर पांढरा गाळ बसला.

"ताई, ह्या वाटाण्यात एवढा चुना?"

"अख्ख्या पायात नसतो, काका..." ताई कुजबुजली. "आणि हा वास कसला?"

घसा धरणाऱ्या ॲसिडाच्या वासात दुसराच एक वास होता. फळा पुसल्यावर येतो तसला, कोरडा.

त्याच दुपारी चहा पिताना डॉक्टरांची दाढ अलगद हातात आली. गुरुवारी खुर्चीतून उठताना त्यांनी टेबलाला हात टेकवला आणि मनगट उन्हातल्या मेणबत्तीसारखं वाकलं. हाड मोडताना आवाज होतो. इथे काहीच आवाज झाला नाही.

"काका... हे काय होतंय?"

"चुना सुटतोय, साहेब."

"फेका ती बरणी! आत्ता!"

"आधी फोन करा. उद्याचं ऑपरेशन थांबवा. आणि खणातला कागद द्या, बाईंच्या घरी नेतो. तोवर मी हात लावायचा नाही."

"मला धमकी देतोस? तू?"

"मागच्या वर्षीच द्यायला हवी होती!" तीस वर्षांत काकांचा आवाज पहिल्यांदा भिंतीला जाऊन आपटला. "पोरीचा पाय आहे तो, तुमच्या अंदाजाचा खेळ नाही! करा फोन!"

डॉक्टरांनी डाव्या हातानं फोन केला. कागदही दिला. काकांनी बरणी मोरीत ओतली. आतला तुकडा गारगोटीसारखा टणक होता.

संध्याकाळी ते बाईंच्या घरी गेले. नवऱ्यानं दारातच कागद वाचला.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"वर्ष झालं," काका म्हणाले.

दार तोंडावर आपटलं. काका जिना उतरले. दोष कुणाला देणार?

पुढच्या सोमवारी कपाटातल्या बरणीचं पाणी नितळ निघालं. ताईनं काप केला. पेशी कशा रांगोळीसारख्या स्वच्छ दिसल्या. नुसता पू, कर्करोग नाही. बाप काकांच्या पायाशी वाकायला लागला.

"माझे कशाला धरता? पोरीला घरी न्या," काका म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

डॉक्टरांचंही पुढे काही वाकलं नाही. हाताला प्लास्टर घालून ते रजेवर गेले.

दुपारी काकांनी ती जाड बरणी पुन्हा एकदा धुतली. मन मानेना, म्हणून तीत बॅटरीत घालतात तसलं, चुन्याचा कणही नसलेलं शुद्ध पाणी भरलं. आत हाड नाही, ॲसिड नाही. थोडं नळीत घेतलं, चार थेंब टाकले.

पांढरं.

खोलीत कोणी नव्हतं. काकांनी नवी सुई घेतली आणि हाडाला लावतात तशी आपल्या करंगळीच्या पेरावर, हाडाच्या बरोबर वर टेकवली. दाबली नाही, नुसती टेकवली.

ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. दुखलं मुळीच नाही.