सून ऐकायला लागली

आमची लाँड्री म्हणजे वाफ, साबणाचा वास आणि माझा आवाज. यंत्रांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, आणि मी म्हटल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. एक सून तेवढी उलट बोलायची.

"नीळ किती घालायची ते मला कळतं, आई. डोळे आहेत मला."

त्यासाठीच ती मला आवडायची. पण तिला तसं सांगते थोडीच!

समोरच्या बंद दुकानात गप्प बसणारी माणसं जमायला लागली. आम्ही त्यांना गप्पवाले म्हणायचो. सून त्यांच्या धुतलेल्या चादरी पोचवायला जायची. मग तीही तिथे बसायला लागली. आणि सुधारली. मान खाली, शब्दाला शब्द नाही. मी शेजारणीपुढे मिरवलं, "वळण लावावं लागतं, बाई!"

एका दुपारी ती नळापाशी उभी दिसली. हातात पाण्याने भरलेला पेला, ओठ सुकून फाटलेले.

"अगं, पी की!"

गटागटा प्यायली.

"सकाळपासून अशीच उभी आहे," नात म्हणाली. "तू पी म्हणालीच नाहीस ना, आजी."

दुसऱ्या दिवशी सून समोर गेली ती परत आलीच नाही. नात रडून रडून बेजार. मुलगा म्हणाला, "आई, तूच जा. तुझ्यापुढे कुणाचं चालतंय?"

गेले. दार ढकललं. आत सगळे ओळीने बसलेले, आमच्याच चादरी डोक्यावरून पायांपर्यंत ओढून. सून कुठली, काही कळेना.

माझं डोकं फिरलं. "कुणी हलायचं नाही! माझी सून सापडेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही!"

रागात मी काहीही बोलते. एकेक चादर ओढत गेले. सगळ्यांचे डोळे उघडे, माझ्या तोंडावर लागलेले. चेहरे निळे पडत चाललेले. आधी वाटलं, मेले नाटकं करतायत.

सून सापडली. गाल गार. छाती हलत नव्हती.

"घे गं बाई, घे श्वास!"

तिने घेतला. बाकीच्यांनी नाही.

"घ्या! सगळे घ्या!"

सगळ्यांनी एकदमच घेतला.

तिला ओढतच घरी आणली. मुलगा दारातच बसला होता, नातीला मांडीवर घेऊन.

"आई, ही मघाशी श्वासच घेईना. निळी पडली गं. मग आपोआपच..."

नातीने त्या दुकानात कधी पाऊल टाकलेलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे.

तेव्हापासून मी तोंड उघडलेलं नाही. शाळा दुसरीपर्यंतची, पण जे सांगायचं ते लिहून दाखवते. हेही तसंच लिहितेय.

आज सकाळी मुलाने चहा आणून ठेवला आणि तिथेच घुटमळत राहिला.

"आई, तू झोपेत बोललीस. 'या' म्हणालीस."

मी खाली लाँड्रीत आले. यंत्रं बंद होती. दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, आणि प्रत्येक चादरीखाली अनवाणी पावलं दिसत होती.

सगळ्यांत पुढच्या चादरीखालची पावलं लहान होती.