गावपळणीतली टेप

सत्यवान अनभवणे जिना चढून किशोरी जोईलच्या ऑफिसात आले तेव्हा तिचा फोन वाजत होता. टेबलावर, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, तो चांगला अर्धा मिनिट किणकिणला. त्यांनी मान वळवली नाही. पण खाली जामसंड्याच्या रस्त्यावरून रिकामा डंपर खडखडत गेला तेव्हा मात्र ते खिडकीकडे बघून म्हणाले, "ह्येचो मागचो पाटो ढिलो झालोहा."

दाजी पुजाऱ्यांनी मनात नोंद केली : माणूस चिंतेत आहे. दाजी एसटीचे निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर माणसं पारखल्याचा त्यांना अभिमान, आणि त्यांची पारख नेमकी चुकते हे किशोरीला ठाऊक. किशोरीने बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकले होते. आता ती स्वतःसाठी तपास करी, आणि दाजी चहाच्या बोलीवर तिचे मदतनीस होते.

"माझी टेप चोरीक गेली," सत्यवान म्हणाले. "सोमवारी कंपनीचो माणूस येतलो. आज गुरुवार."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीस वर्षांपूर्वी मुंबईत 'जांभा' नावाचा रॉक बँड होता आणि सत्यवान त्याचे ड्रमर. बँडची गाणी कॉलेजातली पोरं डोक्यावर घेऊन नाचत. पण ड्रमवाल्याचं तोंड कोण बघतो? तो कायम मागे बसलेला. एका उन्हाळ्यात सत्यवान गावी, कातळखोलला आले आणि घराच्या पडवीत त्यांनी एकट्याने एक अल्बम केला. नाव 'सुकती'. मालवणीत सुकती म्हणजे ओहोटी. त्यात ड्रम होता, देवळातला ढोल होता, तांब्याचे हंडे होते, होडीच्या फळीवर पडणारा हातोडा होता. गाणं म्हणून एक ओळ नव्हती. तो कोणी घेतला नाही. कॅसेटी माळ्यावर बुरशी येऊन गेल्या. उरली फक्त मूळ टेप, पत्र्याच्या गोल डब्यात, ट्रंकेत कुलूपबंद.

आणि आता परदेशात कोणीतरी जुनी कॅसेट इंटरनेटवर चढवली, ती लोकांना आवडली, आणि मुंबईची एक कंपनी त्याची रेकॉर्ड काढायला निघाली.

"कंपनीचा ऱ्हवांदे," सत्यवान म्हणाले. "माझे कान जातत. कणकवलीच्या डॉक्टरान सांगल्यान, फार तर वर्सभर. तेच्या आदी माका ती एकदा नीट ऐकाची आसा. मगे काय्येक होवंदे."

दाजींनी आपला चहा सत्यवानांपुढे सरकवला.

"गेली कधी?" किशोरीने विचारलं. सत्यवान तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं.

"गावपळणीत."

कातळखोलची गावपळण पंचक्रोशीत प्रसिद्ध. दर चार वर्षांनी देवाचा हुकूम झाला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, झोपड्या घालून राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी बरोबर. जितं म्हणून काही गावात ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की परत.

"ट्रंकेची चावी एरवी खुंटीक आसता. निघायच्या सकाळी ट्रंक उघडून डबो हातात घेतलंय. वजन बरोबर होता. कुलूप लावलंय, चावी गळ्यात घातलंय. परत इलंय तां पयली ट्रंकच उघडलंय. कुलूप तसाच. आणि डब्यात ह्यां."

त्यांनी पिशवीतून एक मऊ, धुऊन धुऊन विरलेलं दुपटं काढलं. त्यात स्टीलचं ताट होतं. काठावर अक्षरं कोरलेली : 'चि. सौ. कां. सुशीला हिस, मामांकडून.'

"सकाळी डबो उघडून बगलास?" दाजींनी विचारलं. त्यांना एकदाच विचारावं लागलं.

"नाय. कित्या उघडू? जड होतो."

"टेप तुमी शेवटची ऐकलास कधी?" किशोरीने दोनदा विचारलं.

"दोन वर्सांमागे." मग सत्यवान खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेच्यानंतर धीर झालो नाय."

ते गेल्यावर दाजी म्हणाले, "किशोरीबाय, सरळ आसा. गावपळणीत रिकाम्या गावात पाय टाकूची गाववाल्याची छाती नाय. म्हणजे चोर भायरचो."

"बगूया," किशोरी म्हणाली आणि ताट उलटसुलट करून बघत बसली.

दुपारी दाजींच्या स्कूटरवरून दोघं कातळखोलला पोचले. पडवीत ड्रमचा सेट होता. त्यावर इतकी धूळ की दाजींनी बोटाने आपलं नाव लिहिलं आणि लाजून पुसलं. शेजारीच स्पूलचा जुना टेपरेकॉर्डर. त्याचं झाकण लख्ख. भिंतीवर चार वर्षांच्या मुलाचा फोटो, हातात दोन काटक्या, तोंडभर हसू. फोटोला ताजं अनंताचं फूल.

"आमचो सुशांत," सत्यवानांची बायको सुशीला कोकमाचं सरबत ठेवत म्हणाली. "पाचवा लागला, आणि तापान गेलो. वर्सां झाली."

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. कितीतरी वेळा सांगून ते शब्द गुळगुळीत झाले होते.

"वहिनी, सड्यार काय काय नेलास?"

"भांडी, तांदूळ, कोंबड्यो, मांजर, विरजण."

"विरजण?" दाजी हसले.

"हसतास काय? तां पण जितांच मां. तीन दिस एकटा घरात ठेवून जावचा काय?"

"टेपेचो कोणार संशय?" किशोरीने विचारलं.

सुशीलाने रिकामे पेले उचलले. "गेली ती गेली. मुंबयवाल्यांच्या हातात जावच्यापेक्षा..." आणि ती आत निघून गेली.

सत्यवानांचा पुतण्या निलेश घरापुढच्या खळ्यात टेम्पो धूत होता. पडवी मोकळी झाली तर तिथे पर्यटकांसाठी खोली काढायची त्याची इच्छा. हे त्याने स्वतःच सांगितलं, कारण गावात सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणान काय काकाची टेप चोरतलंय? उलट माझेच हाल झाले. भांडी आदल्या दिवशी मीच सड्यार पोचवलंय. घरात चमचोसुदां ऱ्हवलो नाय. तरी थंय एक ताट कमी भरला. तीन दिस मी केळीच्या पानार जेवलंय."

"आणि काका-काकी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी, टेम्पोतून. मागे एवढी जागा, पण काकीन आपला गाठोडां मांडयेवरच ठेवल्यान. ऊन लागता नये, धक्को लागता नये. काकीचा असाच आसता."

परत येताना दाजी म्हणाले, "ह्यो पोरगो आतल्या गाठीचो दिसता."

विनीत देसाई जामसंड्यातल्या लॉजवर उतरला होता. 'जांभा'चा गिटारवाला. केस पांढरे, पण मागे शेपटी अजून तशीच बांधलेली. कंपनीला सत्यवानांचा पत्ता त्यानेच दिला होता.

"त्या वेळी मीच म्हणालो होतो, सत्या, हा भांडी आपटल्याचा आवाज आहे," तो म्हणाला. "आम्हा चौघांत खरं काम त्यानं एकट्यानं केलं, आणि आम्ही कोणी ते धड ऐकलंसुद्धा नाही. हे त्याला सांगायला तीस वर्षं लागली मला."

"टेप तुम्ही अलीकडे ऐकली?" कामाच्या जागी किशोरी प्रमाण मराठीवर येई.

"गावपळणीच्या दोन दिवस आधी. सत्या बाजारात गेला होता. वहिनींनीच लावून दिली. मशीनवर हात काय सराईत त्यांचा. टेप अगदी उत्तम आहे. शेवटी चाळीस सेकंद तेवढा कचरा. मशीन चालू राहिलं असणार. कुणीतरी हंडा बडवतंय, पोराचं हसणं, बडबड, कोंबड्या. मी म्हटलं, काळजी नको वहिनी, कंपनीवाले ते सगळं पुसून स्वच्छ करतील."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही. चहा आणायला गेल्या. त्या चहात साखर नव्हती, हे मात्र आठवतं."

"ते पोर कोण, हे तुम्हाला माहीत आहे?"

विनीतने नकारार्थी मान हलवली. त्या उन्हाळ्यानंतर बँड फुटला होता, आणि कातळखोलला तो पहिल्यांदाच आला होता.

"आणि सत्यवानदादा कंपनीशी काय बोलले?"

"फोनवर एकच प्रश्न विचारला त्यानं. विरून गेलेला आवाज परत आणता येतो का? मला नवल वाटलं. टेपवर विरलंय काय?"

जिना उतरताना दाजी म्हणाले, "मिळालो चोर. जुनी खुन्नस. आणि वर गोड गोड बोलता."

"दाजी," किशोरी म्हणाली, "तुमची गाडी नेहमी भलत्याच डेपोत लागता. उद्या सकाळी कातळखोलाक येवा. आणि रुमाल घेवन येवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत सगळे बसले. सत्यवान, सुशीला, निलेश, विनीत. किशोरीने ताट मध्ये ठेवलं.

"पयली गोष्ट ह्या ताटाची," ती म्हणाली, सावकाश, सत्यवानांना ओठ दिसतील असं बसून. "घरातली भांडी आदल्या दिवशीच सड्यार गेली. चमचोसुदां मागे ऱ्हवलो नाय. मगे रिकाम्या घरात शिरलेल्या चोराक ताट मिळाला खंय? आणि सड्यार पयल्याच जेवणाक एक ताट कमी भरला. म्हणजे भांडी भरायच्या आदीच ता डब्यात गेलेला. गाव रिकामो होवच्या आदीच टेप काढलेली होती. दादांनी सकाळी उचलल्यानी ता ताटाचा वजन."

रिकाम्या गावात शिरणारा दाजींचा चोर हवेत विरला.

"दुसरी गोष्ट दुपट्याची. ताट खडखडू नये, डबो हातात घेणाऱ्याक संशय येव नये, म्हणान ता गुंडाळला. दादा डबो उचलून बगतले, उघडतले नाय, ह्यां ओळखणारा माणूस घरातलाच. निलेशान ता केला असता तर स्वतः तीन दिस पानार जेवलो नसतो. दुसरा काय्येक डब्यात घातल्यान असता. विनीतरावांका टेप सोमवारी उजळ माथ्यान मिळणारच होती."

खळ्यात कोंबडी कुरकुरली.

"तिसरी, धूळ. ड्रमार वर्सांची धूळ, मशीनार नाय. दादांनी दोन वर्सां टेप लावूक नाय. मगे मशीन रोज कोण लावता?" किशोरीचा आवाज खाली आला. "आणि चौथी, विरजण. वहिनी, जितां म्हणान काय तुमी गावात ठेवलास नाय. विरजणसुदां नाय."

सुशीलाने पदर हातात घेतला आणि तो पिळत राहिली.

"चोरी नाय केलंय मी," ती म्हणाली. "परत ठेवतलंयच होतंय. हे बाजारात गेले की मी तेका ऐकतंय. रोज. चाळीस सेकंदां. हसता, 'बाबा, मी वाजयलंय' म्हणता. तेका मी रिकाम्या गावात तीन दिस एकटो ठेवू? सगळ्यांनी आपापली माणसां घेवन जावची, आणि माझो झिल, माझो सुशांत, मागे?"

निलेशने मान खाली घातली. काकीच्या मांडीवरचं गाठोडं त्याला आता आठवलं असणार.

"घराक इलंव, तर ह्यांनी पयली ट्रंकच उघडल्यानी. माका वेळच गावलो नाय. मगे वाटला, बरा झाला. ते माझ्या झिलाक पुसूक निघालेले."

विनीत पुढे सरकला. "वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं."

सत्यवान बायकोच्या ओठांकडे टक लावून बघत होते.

"पुसूक?" ते म्हणाले. "अगो, मी तेका परत आणूक चाललेलंय. दोन वर्सांमागे टेप लावलंय. ढोल होतो, हंडो होतो, आणि शेवटाक तो नाय. माका वाटला, टेप झिजली, झिल गेलो. दुसऱ्यांदा गेलो. ह्यां तुका कसा सांगू? म्हणान कंपनीक हो म्हटलंय. ते तेचो आवाज भायर काढतले म्हणान."

"नाय कसो?" सुशीला चकित झाली. "परवापर्यंत हसत होतो."

दोघंही किशोरीकडे वळले. पुढचं वाक्य सगळ्यात जड होतं, आणि ते तिलाच बोलायचं होतं.

"दादा, टेप झिजली नाय. काल तुमच्या हाताजवळ माझो फोन वाजलो, तो तुमका ऐकाक इलो नाय. पण रस्त्यावरच्या डंपराचो ढिलो पाटो ऐकलास. माझा बोलणा तुमका दोनदा लागता, दाजींचा एकदा पुरता. तुमचे कान आदी बारीक आवाज सोडतत. पोराचो आवाज बारीक आसता."

सत्यवानांनी मान वळवून मशीनकडे बघितलं. "म्हणजे तो आसा," ते म्हणाले. "मीच नाय."

सुशीला उठली. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. पदराने कोंडा पुसत तिने टेप आणली, मशीनवर चढवली आणि शेवटाकडे नेली. विनीतने तेवढ्यात कंपनीला फोन लावला आणि खळ्यात जाऊन एवढंच सांगितलं : शेवटची चाळीस सेकंदं आहेत तशी राहतील, नाहीतर रेकॉर्ड निघणार नाही.

टेप फिरू लागली. ढोल थांबला. मग हंड्यावर एक थाप पडली, दुसरी, तिसरी. सत्यवानांची मान हलली. ते त्यांना ऐकू येत होतं. मग पोर हसलं. पडवीभर हसलं. दाजींनी रुमाल काढला. सत्यवान तसेच बसून होते, वाट बघत.

सुशीलाने त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटं टेकवली.

"आता हसता," ती म्हणाली, आणि पोर जसं हसत होतं तशी तिची बोटं तळव्यावर वाजू लागली. टपटप, टप, मग अडखळून पुन्हा टपटप. रोज ऐकून तिला एकेक श्वास पाठ होता.

आयुष्यभर ताल धरलेला तो हात आधी नुसता पडून होता. मग बोटं जराशी वळली. सत्यवानांनी डोळे मिटले.

"थोडी घाय करता," ते म्हणाले. "तेवापण करी."